सहावी जोडी

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी पुतण्या सुधीर मोटारसायकलवरून भरवेलीला आमच्या दारात आला. "आत्या, बाबा..." एवढंच म्हणाला आणि मी मध्येच, "काहून रे? तब्येत बिघडली का?" ही माझी जुनी खोड. सुधीर मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा कळलं, लक्ष्मणदादा गेला. तो असता तर म्हणाला असता, "दुसऱ्याचं होऊ दे न पयले, मंग बोल."

ही शिस्त त्याला धंद्यानं लावली होती. बालाघाटात त्याचं दुरुस्तीचं दुकान. जबलपूरच्या लिलावात फौजेचे जुने वायरलेस संच निघायचे, ते तो आणायचा, उघडायचा, बोलते करायचा. बटण अंगठ्यानं दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघं एकदम बोलले की कुणालाच काही ऐकू येत नाही. एकटा संच त्यानं कधी विकला नाही. "एकटा कोनासंग बोलन?" म्हणायचा. जोडीच द्यायचा, आणि दोन्ही टोकांना स्वतः जाऊन बोलून दाखवल्याशिवाय परतायचा नाही. बैहरच्या लाकूड ठेकेदाराकडे एक जोडी, किरनापूरच्या राइस मिलवाल्याकडे एक, अशा पाच जोड्या गेल्या. सहावी आमची. एक संच त्याच्या दुकानात, दुसरा माझ्या घरी. नवरा खाणीत पहिल्या पाळीला गेला की मी बटण दाबून आधी दादावर खेकसायचे, मग खुशाली सांगायचे.

तोवर कुणी कागद विचारत नव्हतं. मग नियम कडक झाले. परवान्याशिवाय असा संच घरात ठेवणं गुन्हा. मुदतीच्या आत ठाण्यात जमा करा. शेजारचे दुकानदार म्हणाले, विकलेल्या मालाचं तुला काय? दादा म्हणाला, "माह्या हातानं गेलता, माह्याच हातानं परत आनतो. उद्या त्याले पोलिसानं धरलं तं?" आणि निघाला, कधी बसनं, कधी सायकलनं. बैहरचा ठेकेदार हसला, "लक्ष्मण भाई, जंगल में कौन देखने आता है?" दादा वाद घालत बसला नाही. त्याच्या ओसरीवर दुपारपर्यंत गुमान बसून राहिला. शेवटी ठेकेदारानंच कंटाळून दोन्ही संच आणून दिले.

माझ्याकडे तो सर्वांत शेवटी आला. मी संच तांदळाच्या कोठीत लपवला होता. "हरवला," म्हणाले. मग रडले, भांडले, सरकारला आणि त्याला, दोघांनाही शिव्या दिल्या. त्यानं एकदाही मध्ये तोडलं नाही. पाणी प्याला आणि म्हणाला, "झालं तुह्यं? आता माही पाळी. बैहरवाल्याचा आनला अन् बहिनीचा ठेवला, तं त्याले कोनतं तोंड दाखवू?" मी उठले, कोठीत हात घातला. संचाच्या जाळीतून तांदूळ सांडत होते... ते वेचून त्यानं पुन्हा कोठीत टाकले, मगच संच पिशवीत घातला.

तो धंदा तिथेच बसला. दुकानात उरले फक्त ऐकायचे रेडिओ. पण ते बिघडले की बैहर-किरनापूरची माणसं वाटेतली दुकानं ओलांडून त्याच्याकडेच यायची. संच नेल्याबद्दल तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता मात्र ऊर भरून येतो, असा माणूस माझा भाऊ होता.

परवा दुकान आवरायला गेले. टेबलाच्या खणात ठाण्यात दिलेल्या यादीची नक्कल सापडली, दादाच्या अक्षरात, वर शिक्का. पाच जोड्यांपुढे ज्याचं त्याचं नाव आणि "स्वतःहून परत दिली". सहावीपुढे लिहिलं होतं, "दोन्ही संच माझ्याच ताब्यात होते." खाली सही. सरकारी कागदावर त्यानं लिहिलेलं एकमेव खोटं, आणि तेही माझ्यासाठी.

तो कागद घेऊन मी त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले. जे बोलायचं होतं ते सगळं बोलले, मनसोक्त. मग थांबले. पाळी त्याची होती.