एकही वाचक आढळला नाही

साहेब येणार म्हटल्यावर आम्ही वाचनालयातून सगळ्यात आधी काय बाहेर काढलं असेल, तर वाचक. हे लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

आमचं वाचनालय दिल्लीत, हिंदूराव इस्पितळाच्या उतारावर, पालिकेच्या बारातघराच्या वरच्या मजल्यावर. खाली लग्नं लागतात, वर आम्ही. मराठी-हिंदी पुस्तकांची कपाटं, दोन लांब टेबलं, एक कूलर. कोणीही यावं, बसावं. रोज न चुकता येणारी एक होती. यवतमाळकडची, छत्तीस वर्षांची, त्याच इस्पितळात कंत्राटी कामाला. तिला कायमच्या नोकरीसाठी परीक्षा द्यायची होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती. घरी एक खोली, सासू, मुलं आणि सतत चालू टीव्ही. ड्यूटी संपली की ती खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसायची. चपला काढून, मांडी घालून, डबाही तिथेच. "घरी टेबल मांडलं तर झोपायला जागा नाही, काकू," असं एकदा हसत म्हणाली होती.

पालिकेला ती खोली बारातघराच्या गाद्या-खुर्च्या ठेवायला हवी होती. झोनच्या उपायुक्तांनी मनावर घेतलं तरच वाचनालय टिकणार होतं. आमच्या समितीतले सगळे केंद्र सरकारातून निवृत्त झालेले. अर्ज केला, स्मरणपत्र दिलं, भेटलो, पुन्हा स्मरणपत्र दिलं. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक है, मैं खुद आकर देख लेता हूँ." आम्हाला वाटलं, जिंकलो.

आणि इथे आमची जन्माची खोड आडवी आली. वरून कोणी तपासणीला येणार म्हटलं की ऑफिस चकाचक करायचं, पसारा लपवायचा. आम्ही नोकरीभर तेच केलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "चपला, डबे, टेबलावर डोकं टेकून झोपलेली मुलं... इम्प्रेशन बिल्कुल चांगलं पडणार नाही." कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. उलट सगळ्यांना सांगायचं काम मीच केलं. तिला म्हणाले, "उद्या येऊ नकोस गं, साहेब येणार आहेत." तिने पुस्तक मिटलं आणि "अच्छा, काकू," म्हणाली. परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

साहेब आले. दारात रांगोळी, टेबलावर नवं कापड, शाल-श्रीफळ. अर्धा चहा कपात ठेवून निघाले. "बहुत साफ-सुथरा रखा है आपने," म्हणाले. अध्यक्ष फुलून गेले.

आठवड्याने पत्र आलं. सरकारी हिंदीत होतं, पण अर्थ सरळ होता: खोली स्वच्छ व सुस्थितीत आहे, पाहणीच्या वेळी एकही वाचक आढळला नाही, सबब खोली सामानासाठी घ्यावी. दुसऱ्याच दिवशी कुलूप लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या माणसाला त्या खुर्चीची झिजलेली बैठक दिसली नाही? पुस्तकं नेल्या-आणल्याचं रजिस्टर समोर होतं, एक पान उलटावंसं वाटलं नाही? पण त्याला तरी किती बोलायचं? आम्ही दाखवलं तेच त्याने लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, आणखी एक स्मरणपत्र देऊ. मी आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये आवाज चढवला. "स्मरणपत्रं कसली पाठवता? माणसं पाठवा."

मग आम्ही वाचकांना घेऊन झोन ऑफिसच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. पुस्तकं, डबे, चपला, सगळ्यासकट. गार्ड म्हणाला, "मैडम, यहाँ पढ़ना अलाउड नहीं है." मी म्हटलं, "तो कहाँ है, लिखकर दीजिए." साहेब रोज त्या चपला ओलांडून आत जायचे. नवव्या दिवशी त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि आदेश मागे घेतला. पण कुलूप काही त्या दिवशी निघालं नाही. फाईल चार टेबलांवरून फिरून यायला दीड महिना लागला.

तेवढ्यात तिची परीक्षा होऊन गेली. कुठे बसून अभ्यास केलास, असं विचारलं तर म्हणाली, "जिन्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देत." निकालात तिचं नाव नव्हतं.

वाचनालय पुन्हा उघडायचं ठरलं आणि अर्थातच उद्घाटनाला साहेब. आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. या वेळी वाचक भरपूर दिसले पाहिजेत, सगळ्यांना बोलवा, आणि शाल तेवढी तुम्ही आणा. बैल गेला नि झोपा केला. तरी मी तिला फोन लावला. "उद्या ये. खिडकीजवळची खुर्ची तुझ्यासाठी ठेवली आहे."

"उद्या साहेब येणार असतील ना, काकू?"

"हो."

"मग नको. माझं आता काय राहिलंय म्हणा. पोरीची दहावी आहे, तिला परवा पाठवते. साहेब गेल्यावर."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी शाल आणायला गेलेच नाही.