नकाशावरची घडी
डांबरगोळ्यांचा वास आला की मला ठाण्यातलं ते ऑफिस आठवतं. कापडावर चिकटवलेले जुने गावनकाशे स्कॅन करून त्यातल्या हद्दी आम्ही कॉम्प्युटरवर गिरवायचो. मानपाड्याकडच्या एका नकाशावरची रेघ मला घडीची वाटली होती. मोजणीची वही काढून बघायला हवी होती, पण जेवणाचे डबे उघडले होते, त्यामुळे मी ती हद्द म्हणूनच गिरवून टाकली. काही महिन्यांनी एक म्हातारे शेतकरी आले. नव्या नकाशात त्यांची विहीर शेजाऱ्याच्या जमिनीत गेली होती. मूळ नकाशावरच्या त्या रेघेवरून बोट फिरवून ते शांतपणे म्हणाले, "बाय, ही हद्द नाय, घडी हाय." चष्मा घरी राहिलेला, म्हणून दुरुस्तीचा अर्ज त्यांनी माझ्याकडूनच भरून घेतला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'मूळ नकाशा अस्पष्ट'. माझ्या त्या खोट्याखाली आजही त्यांची सही आहे.