पेन्सिलीचा मासा

बर्नी बंदराच्या चढावर ऑड्री पेंगलीचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. तिथे विकत घेणाऱ्यांपेक्षा बदलून नेणारेच जास्त. वाचलेलं आणून द्यायचं, वर थोडे पैसे ठेवायचे आणि दुसरं न्यायचं. तेच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून ज्यानं त्यानं शेवटच्या पानावर आपली खूण करून ठेवायची. कुणाचा त्रिकोण, कुणाची आद्याक्षरं. मर्व्ह टिबेटचा मासा. सगळा जन्म ट्रॉलरवर गेलेला माणूस दुसरं काय काढणार?

हळूहळू खुणा करणारे कमी झाले. कुणी वारलं, कुणी लेकीकडे राहायला गेलं. उरला मर्व्ह. दर गुरुवारी तो लॅमिंग्टन केकचा पुडा घेऊन यायचा, हीटरपाशी बसून घोडेस्वारांच्या कादंबऱ्यांना नावं ठेवायचा आणि जाताना त्यातल्याच दोन घेऊन जायचा. बाकीच्या दिवशी कुणाचा चुकून फोन लागला, तरच ऑड्रीला बोलायला मिळे.

दुकानाला कुलूप लावायची वेळ आली, तेव्हा मेलबर्नहून भाची आली, ब्रॉनी. तिनं पुस्तकांचे फोटो काढून ती ऑनलाइन विक्रीला लावली. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली पुस्तकं पर्थला निघाली, डार्विनला निघाली. दुकान तगलं. ऑड्री दिवसभर खाकी कागद आणि चिकटपट्टीत बुडालेली. गिऱ्हाइकं भरपूर होती, पण त्यांना चेहरे नव्हते, नुसते पत्ते.

मग एका बाईनं पुस्तक परत पाठवलं. 'उत्तम स्थिती' लिहिलंत आणि शेवटच्या पानावर रेघोट्या, म्हणे. वर पाचपैकी एकच तारा दिला. ऑड्री धास्तावली. खोडरबर घेऊन बसली आणि कपाटामागून कपाट साफ करत गेली. त्रिकोण गेले, अक्षरं गेली, मासेही गेले.

त्या गुरुवारी मर्व्हनं एक पुस्तक मागून उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. चेहरा खुलला.

"मालकीणबाई, नवा माल आणलास आणि बोलली नाहीस?"

सांगायचं ऑड्रीच्या ओठांवर आलं होतं, पण तो इतका खूश दिसला की ती चहाच ओतत राहिली. तो चार पुस्तकं काखेत मारून गेला.

पुढच्या गुरुवारी चारही काउंटरवर परत आली.

"घोडा मरणार, हे मला घोडा यायच्या आधीच कळत होतं," तो म्हणाला. "चारही पुस्तकांत तेच. वाटलं, डोकं कामातून गेलं माझं. डॉक्टरकडे जाऊन आलो, ऑड्री."

तिनं रबराचं सांगितलं. त्यानं आवाज चढवला नाही.

"सगळे मासे?" एवढंच विचारलं, आणि लॅमिंग्टनचा पुडा न फोडताच निघून गेला.

नंतरच्या गुरुवारांना ती दोन कप मांडायची आणि एक तसाच उचलून ठेवायची.

मग एक दिवस संगणकावर ऑर्डर आली. टिबेट, पत्ता तीन गल्ल्या पलीकडचा. ऑड्रीनं ते पुस्तक उजेडात धरलं. शेवटच्या पानावर पेन्सिल गेली होती, पण माशाच्या रेघांचा दाब राहिला होता. तिनं कोट चढवला, खिशात पेन्सिल टाकली आणि पुस्तक घेऊन स्वतःच निघाली.

मर्व्हनं दार अर्धंच उघडलं. "पोस्टानं आलं असतं की."

"हे वाचलंयस तू. उजेडात धर, दिसतो."

त्यानं धरलं. "शेपटी आहे अजून."

"मग मागवलंस कशाला?"

"दुकान चालतंय का, बघत होतो."

तिनं पेन्सिल पुढे केली. "पुन्हा काढ."

"नको. उद्या हे तुझ्याकडे परत आलं, तर विकताना तुलाच बोलणी बसतील."

"आणि गुरुवारी?"

"गुडघा, बाई. तो चढ आता होत नाही," असं म्हणून त्यानं दार हलकेच लोटलं. गुडघ्याचं खरं की खोटं, हे तिला परतीच्या वाटेवरही ठरवता आलं नाही.

दुकानात मागचं एक कपाट रबराच्या तडाख्यातून सुटलं होतं. त्यातलं पहिलं पुस्तक तिनं उघडलं. जाडा, किंचित वाकडा मासा. तिनं फोटो काढला, तोही शेवटच्या पानाचा, आणि माहितीच्या रकान्यात टंकलं: 'शेवटच्या पानावर पेन्सिलीनं काढलेला मासा आहे. पुसून मिळणार नाही.'