श्रीधरपंतांची फायरवॉल

श्रीधरपंत कोणालाही ‘नाही’ म्हणत नसत. हे वाचून तुम्हाला ते मवाळ गृहस्थ वाटतील, म्हणून लगेच सांगते: ते उत्तरच देत नसत. शिपाई रजा मागायला समोर उभा राहिला की पंत चष्म्याच्या वरून भिंतीकडे बघत बसत. शिपाई जरा वेळ थांबे, उगाच खोकून बघे आणि मग आपणच निघून जाई. मी नवी रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे बसायला खुर्ची मागितली होती. ती मिळेपर्यंत पावसाळा उलटला, आणि तीही मी शेजारच्या खोलीतून स्वतः उचलून आणली.

“नकार देणं म्हणजे पण बोलणंच झालं, सुनंदाबाई,” ते एकदा मला म्हणाले. “समोरच्याला माहीत पडतं की आत कोणी आहे. चुप बसावं. तो आपला थकून जातो.”

ग्वाल्हेरच्या इंदरगंज भागातल्या आमच्या सरकारी कार्यालयात पंतांकडे फायरवॉल होती. म्हणजे बाहेरून आमच्या सर्व्हरकडे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला, म्हणजे माहितीच्या पुडक्याला, आत घ्यायचं की नाही, हे त्यांचे नियम ठरवत. नको असलेल्या पॅकेटला ‘येऊ नकोस’ असं कळवता येतं, किंवा काही न कळवता ते फेकून देता येतं. पंत कुठला मार्ग घेत असतील, हे आता सांगायला नकोच.

दरवानगिरी त्यांच्या रक्तात आहे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. “आमच्या पणजोबांच्या मर्जीशिवाय दरबारात माशी शिरत नव्हती,” हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडे. माझे वडील सांगत की पंतांचे पणजोबा हत्तींच्या चाऱ्यावर देखरेख करायला होते. खरंखोटं हत्तींना ठाऊक. पण ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी घरांत कुणाचाच पणजोबा साधा नव्हता, तेव्हा एकट्या पंतांना तरी का हसावं?

आता थोडं यंत्राचं सांगावं लागेल, कारण पंतांचा सगळा पराक्रम त्यात आहे. एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलणं सुरू करताना आधी एक लहानसं पॅकेट पाठवतो. त्याच्या माथ्यावर, म्हणजे हेडरमध्ये, कुठून कुठे जायचं ते असतंच. शिवाय काही ऐच्छिक गोष्टी जोडता येतात. त्यांना ऑप्शन म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. माझ्याकडे केवढा तुकडा पाठवा, मधला एखादा हरवला तर तेवढाच परत द्या, असल्या सूचना. आठ नंबरचा ऑप्शन म्हणजे वेळेचा शिक्का. फायरवॉलला असा नंबर सांगून हुकूम देता येतो की हा दिसला तर अमुक कर. पंतांनी कुठेतरी वाचलं, की या शिक्क्यावरून मशीन किती दिवस सुरू आहे याचा अंदाज परक्याला बांधता येतो. झालं. त्यांनी नियम ठोकला: बोलणं सुरू करणाऱ्या पॅकेटवर आठ नंबर दिसला, की पॅकेट फेकून द्या.

त्याने कुणाचं काही बिघडलं नाही, कारण तेव्हा आमच्या सर्व्हरकडे बाहेरून फारसं कुणी येतच नव्हतं. जी दोन-चार मशीनं येत ती विंडोजची, आणि ती आपणहून हा शिक्का मारत नसत. पंतांनी मात्र त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. “बघा, एक चोर नाही आला आजपर्यंत,” ते छाती काढून सांगत. ज्या गल्लीत कुत्रंही फिरकत नाही तिथे पहारा देऊन मिशीला पीळ भरणारे शूर पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. पंत त्यांतले अव्वल.

मग विलीनीकरण आलं. दोन खाती मोडून एक नवं मंडळ झालं. थाटीपुरचं कार्यालय आम्हाला जोडलं गेलं आणि त्यांच्या सगळ्या लोकांना आमच्या सर्व्हरवर काम करायचा हुकूम निघाला. तिथलं नेटवर्क ममता भदौरिया सांभाळायची. आता पंत आणि ममता, दोघांच्या जागी एकच माणूस ग्वाल्हेरात राहणार होता, दुसऱ्याची बदली थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, झाबुआला. ममताचे वडील डोळ्यांनी जवळजवळ अधू होते. पण थाटीपुरच्या क्वार्टरमध्ये इतकी वर्षं काढलेली, त्यामुळे सकाळचं दूध, हनुमानाचं मंदिर, चहाची टपरी, सगळं एकटे पायांच्या सवयीने करत. मुलीची बदली झाली की क्वार्टर जाणार होतं. ती मला म्हणाली होती, “दीदी, इनको यहाँ से उठाया तो ये सचमुच अंधे हो जाएँगे।”

आणि नेमकी थाटीपुरहून मशीनं सर्व्हरला लागेनात. तिकडची बहुतेक मशीनं विंडोजवर नाही, लिनक्सवर चालत; ती प्रत्येक पॅकेटवर आपोआप शिक्का मारत. कामासाठी खिडकीवर आलेले लोक ममताला अद्वातद्वा बोलत होते. पंतांना विचारलं तर म्हणाले, “पिंग जाऊन राहिलं आहे. रस्ता साफ आहे. घोडं लंगडं असेल तर रस्त्याचा काय दोष?” पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ एवढंच विचारणारी हाक, खरंच जात होतं, कारण ते वेगळ्या जातीचं पॅकेट, त्यावर हे नंबरवाले ऑप्शन नसतातच. फेकलेल्या पॅकेटांची नोंदही पंत ठेवत नसत. “कोण फिरून गेला ते लिहायला आपण काय धर्मशाळा आहोत?”

ममता मात्र चिवट होती. थाटीपुरात एकच मशीन चालतं, ते लेखापालांचं, आणि तेच काय ते विंडोजचं आहे, हे तिच्या ध्यानात आलं. तिने दोन्हींची पॅकेटं समोरासमोर ठेवून पाहिली आणि तडक इंदरगंजला आली. “सर, आपने आठ नंबर पर कुछ लगाया है क्या?”

पंत भिंतीकडे.

तिने परत विचारलं. भिंतच ती, काय बोलणार? मला राहवेना. मी म्हटलं, “लावलंय. आठ नंबर दिसला की फेकून देतात. इतकी वर्षं रोज ऐकवतायत.” पंतांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरच्याच माणसाने कडी काढली.

मग मोठ्या साहेबांसमोर बैठक झाली. ममताने थाटीपुरला फोन लावून एका मशीनवरचा शिक्का बंद करवला. मशीन लगेच लागलं. पुन्हा सुरू करवला, अडकलं. ती शांतपणे म्हणाली, “सर, यह नियम हटवा दीजिए। इतना ही डर है तो फायरवॉल पर ठप्पा पोंछकर पैकेट आने दीजिए, वह भी हो जाता है।” एखाद्याने अशा वेळी मान तरी खाली घातली असती. पंत मात्र चक्क बोलले. “साहब, सुरक्षा का मामला है। दरवाज़ा नहीं हिलेगा। मैडम अपनी मशीनें सुधार लें।”

‘सुरक्षा’ हा शब्द ऐकला की साहेब लोकांची बुद्धी खुर्चीखाली जाऊन बसते. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. ममताने एकेका मशीनवरचा शिक्का बंद केला, थाटीपुर सुरू झालं, आणि वरपर्यंत बातमी गेली की मॅडमची मशीनं सदोष होती आणि पंतांच्या दक्षतेमुळे ती उघडकीला आली. जागा पंतांची राहिली. ममता झाबुआला गेली.

मी त्या दिवशी पंतांच्या टेबलाशी जाऊन वाट्टेल ते बोलले. ममताच्या म्हाताऱ्या वडिलांचं काय होणार, ते सांगितलं. ते म्हणाले, “सुनंदाबाई, दारच काढलं असतं तर मला कोणी कशाला ठेवलं असतं?” क्षणभर मला त्यांची कीव आली. आली तशी गेली. भित्रा माणूस कुणाला त्रास देत नाही, हा आपला एक गोड गैरसमज आहे.

पुढे पंत निवृत्त झाले आणि फायरवॉल माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी तो नियम काढला. काही झालं नाही. पुढचे काही महिने मी लक्ष ठेवून होते. तेव्हाही काही झालं नाही. ममताला फोन करून सांगितलं. “अच्छा किया, दीदी,” ती म्हणाली. वडिलांचं विचारलं, तर म्हणाली, “बैठे रहते हैं। यहाँ दूध लेने अकेले नहीं जाते।”

त्यानंतर एकदा नया बाज़ारमध्ये पंत भेटले. हातात भाजीची पिशवी, चेहऱ्यावर तोच पणजोबांचा रुबाब. तब्येत वगैरे विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, “आठ नंबर आहे ना अजून?”

“नाही. काढून टाकला.”

ते दचकले. आवाज खाली आणून म्हणाले, “मग? कोणी शिरलं का आत?”

“कोणी नाही, पंत,” मी म्हटलं. “यायचं होतं त्यांना तुम्ही झाबुआला पाठवलंत.”