सलूनवाल्याची गोणी

सलूनवाल्याच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड आवळलं की त्याची कात्री आणि जीभ दोन्ही एकदमच सुरू व्हायच्या, आणि आधी कोण दमतं यावर खुशाल पैज लावावी. डोक्यावर औषधाला केस नसलेल्या माणसालाही तो गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "पुढून बारीक ठेवू की मध्यम?" अशा माणसाच्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला, आणि दाढी करता करता मध्येच हात खाली नेऊन तो दाबून धरायला लागला, तेव्हा कुणाला काही कळलंच नाही. दुखणं त्यानं गप्पांखाली झाकलं होतं. ते ओळखलं एका जुन्या गिऱ्हाइकानं, निवृत्त बसकंडक्टरनं.

"हर्निया ना रे?" कंडक्टर आरशातूनच म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझं शिवून झालंय, बाबा. मीही असाच हात लावून तिकिटं फाडायचो. थांब, तुला आमच्या ग्रुपात टाकतो."

ग्रुपाचं नाव होतं 'पोट दुरुस्ती मंडळ'. कुठकुठल्या गावांची माणसं होती त्यात, कुणी कुणाला डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण एकमेकांच्या पोटाची मात्र सगळ्यांना खडान्‌खडा माहिती. शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरा. खोकला दाबू नका. कुशीवर वळून मग उठा, सरळ उठाल तर आई आठवेल. पहिल्यांदा पोट साफ झालं की मंडळी एकमेकांचं असं अभिनंदन करायची, जणू घरात नातू झालाय. टाक्यांचे फोटो तर साखरपुड्याच्या फोटोंसारखे फिरायचे. बेकरी चालवणाऱ्या एक मावशी होत्या, त्या शिस्त ठेवायच्या: "फोटो टाकायच्या आधी सांगत जा रे मेल्यांनो, मी इथं पाव भाजतेय."

सलूनवाला तिथं दोन दिवसांत रुळला. विनोद करायला नवी जागा मिळाली. पण त्याला जे विचारायचं होतं ते जिभेवर येऊन परत जायचं. शेवटी एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, त्यानं टाइप केलं, "मला रोज एक जड ओझं उचलावं लागतं. ऑपरेशननंतर कधीपासून उचलता येईल?"

"कसलं ओझं?" कुणीतरी विचारलं.

त्याचा अंगठा थांबला. मग त्यानं लिहिलं, "गोणी."

ती गोणी म्हणजे त्याची मुलगी.

जन्मली तेव्हा हातपाय इतके झाडत होती की आत्यानं तिला भिंगरी म्हटलं. पुढं कळलं की ते हातपाय तिचं ऐकतच नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता ती पंचविशी ओलांडलेली बाई होती, आईपेक्षा अंगानं भरलेली. बोलणं म्हणजे चार-पाच आवाज. त्यातला 'ना' तेवढा स्पष्ट. समजत मात्र सगळं होतं. बापाच्या कुठल्या विनोदाला हसायचं आणि कुठल्याला नाही, हे तिला गिऱ्हाइकांपेक्षा जास्त कळायचं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, न्हाणीघरातून गॅलरीत, असा तिचा सगळा प्रवास बापाच्या हातांवर व्हायचा. आईचं मनगट कपड्यांना इस्त्री करून करून कामातून गेलेलं, तिच्यानं पाण्याची बादली उचलणंही मुश्कील.

उचलायचीही एक रीत होती. तो वाकायचा, म्हणायचा, "हात." मग भिंगरीचा डावा हात हवेत दोन-तीन चकरा मारून, कधी त्याच्या कानशिलात एक ठेवून देऊन, शेवटी त्याच्या मानेवर येऊन पडायचा. तो पडल्याशिवाय त्यानं तिला कधी उचललं नाही. "तिचा होकार नको का?" तो बायकोला म्हणायचा. "माणूस आहे, कपाट नाही." त्या हाताला जे जमायचं ते एवढंच. चमचा तोंडापर्यंत जायचा नाही, बटण लागायचं नाही. बापाची मान मात्र सापडायची.

हे सगळं अनोळखी माणसांना काय सांगणार? आणि 'ओझं' हा शब्द एकदा लिहून बसल्यावर त्याच्यापुढं 'मुलगी' कशी लिहिणार? म्हणून गोणी.

आणि मग मंडळानं त्याची फिरकी घ्यायला सुरुवात केली. "सलूनमध्ये गोणी? कापलेले केस भरता की काय?" "अहो, हातगाडी घ्या. गोणीसाठी जीव देता का?" "टाका ती कुठल्यातरी गोदामात." एका मास्तरांनी तर कळकळीनं लिहिलं, "आयुष्यभर कुणी एवढं ओझं वाहतं का? आज ना उद्या दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावंच लागतं." सलूनवाल्यानं प्रत्येकाला हसणारे चेहरे पाठवले. मग फोन पालथा ठेवला आणि रिकाम्या खुर्चीवरचे नसलेले केस झटकत राहिला.

डॉक्टरांनी त्याला तपासून चष्मा काढला. "उशीर केलात. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. जाळी बसवावी लागेल. आणि जड उचलणं दोन-अडीच महिने बंद म्हणजे बंद."

"त्यानंतर?"

"त्यानंतर बघू. पण जपून."

भिंगरीला तोवर कुठं ठेवायचं? शहराच्या टोकाला एक देखभाल केंद्र होतं. स्वच्छ खोल्या, पोटऱ्या भरलेल्या दणकट बायका, आणि माणूस उचलायचं एक यंत्र: कापडी झोळी, लोखंडी हात, एक दांडा. झोळी अंगाखाली सारायची, दांडा हलवत राहायचं, की माणूस वर. सलूनवाल्यानं ते पाहिलं आणि बायकोच्या कानात म्हणाला, "बंदरावर पेट्या चढवतात तसं आहे गं." बायको हसली नाही. निघताना त्यानं भिंगरीला शेवटचं उचलून तिथल्या पलंगावर ठेवलं. तिचा हात मानेवरून निघेना. एकेक बोट सोडवावं लागलं.

ऑपरेशन नीट झालं. मंडळानं फुलं पाठवली, मावशींनी उशीची आठवण करून दिली. पहिला आठवडा सलूनवाला म्हाताऱ्यासारखा भिंत धरून चालला. हसलं की टाके ओढायचे, म्हणून जन्मात पहिल्यांदा तो गप्प बसला, आणि घर असं शांत झालं की शेजारीण येऊन विचारून गेली, "बरंय ना सगळं?"

बरं नव्हतं. केंद्रातून रोज फोन येत होता: भिंगरी तोंड उघडत नाही. जेवण भिंतीवर उडवते, ओरडते, दाराकडं बघत राहते. आई जाऊन बसायची, भरवायला बघायची, थुंकीनं पदर भरून परत यायची. सलूनवाल्याला जायला बंदी. रस्ता खड्ड्यांचा, आणि तो तिथं गेला तर तिला उचलल्याशिवाय राहणार नाही, हे बायको पक्कं जाणून होती.

मग एके दिवशी फोन आला, जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. ओरडणं बंद. शहाण्यासारखी झोळीत बसते.

"बघ, रुळली की नाही?" सलूनवाला म्हणाला. त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. बायको इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही.

दोन-अडीच महिने सरले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, खोकायला लावलं, आणि म्हणाले, "उचला, पण बेतानं." सलूनवाला डॉक्टरांच्या पाया पडायचाच बाकी होता. मंडळात त्यानं लिहिलं, "उद्या गोणी उचलणार." मंडळी म्हणाली, "उचला उचला, व्हिडिओ टाका!"

दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली, नवा शर्ट घातला. केंद्रात भिंगरी खिडकीशी खुर्चीत होती. कुणीतरी तिचे केस कापले होते, अगदीच ओबडधोबड. "कुणी गं हे पाप केलं?" तो दारातूनच ओरडला. ती वळली आणि हसली, सगळ्या अंगानं हसली, खुर्ची करकरली.

तो जवळ गेला. वाकला. मान पुढं केली. "हात."

हात आला नाही.

तो तसाच वाकून राहिला. मग पाहिलं, तर तिनं डावा हात मांडीखाली दाबून धरला होता. जो हात कधी जागेवर राहिला नाही, तो ती सगळा जोर लावून धरून बसली होती. ओठ पांढरे पडले होते.

"रुसलीस? रुस हो, रुस. रागावशील तेवढं कमीच. पण घरी जाऊन रुस की." त्यानं तिच्या पाठीमागं हात घातला. भिंगरीचं अंग फळीसारखं ताठ झालं. "ना," ती म्हणाली. "ना, ना, ना." मग मांडीखालचा हात सुटला, हवेत भिरभिरला, आणि त्याच्या शर्टावर येऊन थांबला. खाली, जांघेपाशी. जिथं जाळी होती, तिथंच. मूठ होती, पण कापसासारखी ठेवली होती. भिंगरी रडत होती.

सलूनवाल्यानं मागं बायकोकडं पाहिलं.

"काय सांगितलंस तू तिला?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. "जेवत नव्हती हो. मरून गेली असती. मी म्हटलं, तुला उचलून उचलून बाबाचं पोट फाटलं. शिवलंय. आता परत उचललं तर बाबा जाईल. म्हणून इथं राहायचं, आणि गुमान जेवायचं." मग म्हणाली, "लगेच तोंड उघडलं तिनं. त्या क्षणी उघडलं."

सलूनवाल्यानं मुलीच्या पाठीमागचा हात काढून घेतला. खोटं तरी काय होतं त्यात?

शेवटी केंद्रातली बाई झोळी घेऊन आली. भिंगरी तिच्याकडं आपणहून कलली.

भिंगरीला घरी नेलं, पण तिच्याबरोबर भाड्यानं तसलंच एक यंत्रही आणावं लागलं. त्या संध्याकाळी मंडळात विचारणा सुरू होती, "सलूनवाले, उचलली का गोणी?" त्यानं लिहिलं, "गोणी नाही म्हणाली." हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी म्हणालं, "नशीबवान आहात, आमच्या गोण्या तर बोलतसुद्धा नाहीत." त्यानं ते वाचलं, परत वाचलं. थोड्या वेळानं मावशींचा वेगळा निरोप आला, त्याच्या एकट्यासाठी.

"सलूनवाले, ती गोणी कोण आहे हो?"

"मुलगी."

मावशींनी फोन लावला. त्यानं उचलला. पलीकडं बेकरीतले ट्रे आपटल्याचे आवाज येत होते. "तिला दाखवा," मावशी म्हणाल्या, "तुम्ही धडधाकट आहात ते. पुन्हा पुन्हा दाखवा. विश्वास बसायला वेळ लागतो, बाळा."

मग त्यानं दाखवायला सुरुवात केली. शर्ट वर करून वण दाखवला. पोटावर थापट्या मारल्या, "बघ, ढोलकं!" पाण्याची भरलेली बादली तिच्यासमोरून नेली आणि आणली. पिठाचा डबा उचलून डोक्यावर ठेवला, पांढरा झाला. भिंगरी नुसती बघायची, डोळ्याची पापणी न हलवता, बादली खाली ठेवेपर्यंत श्वास रोखून.

एका रविवारी दुकान बंद होतं. बायको कपड्यांच्या घड्या घेऊन खोलीतून चालली होती. सलूनवाल्यानं तिला मागून धरलं आणि उचललं.

"अहो! अहो सोडा! या वयात! कुणी बघेल!"

"बघतंय ना. तिच्यासाठीच तर चाललंय." त्यानं तिला गरकन फिरवलं. घड्या विस्कटून गेल्या, एक चादर पंख्याखाली उडाली. लग्न झाल्यापासून त्यानं बायकोला कधी उचललं नव्हतं. सगळं उचलणं एकीच्याच वाट्याला गेलं होतं. बायको ओरडता ओरडता हसायला लागली, आणि ते बघून भिंगरीही खदखदून हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. तिचा डावा हात मोकळा सुटून हवेत नाचत होता.

सलूनवाल्यानं बायकोला अलगद खाली ठेवलं. धापा टाकत, हसत, तो मुलीपुढं येऊन वाकला. "पाहिलंस? काही झालं का मला? आता तू. हात."

भिंगरीचं हसू तसंच होतं. डोळ्यांतही होतं. पण तिनं तो नाचणारा हात पकडला, दुसऱ्या हातानं, कशीबशी झटापट करून, आणि मांडीखाली सारला.

"नको ताणूस, अहो," बायको हळूच म्हणाली. 'अहो' आणि 'ताणूस' एकाच वाक्यात आले, हे तिलाही कळलं नाही. "तिच्या आंघोळीची वेळ झालीय."

तिनं यंत्र ओढत आणलं. सलूनवाल्यानं झोळी मुलीच्या अंगाखाली नीट सारली, सुरकुती राहणार नाही अशी, चारही कड्या अडकवल्या, ओढून पाहिल्या. मग दांडा धरला आणि हलवायला लागला. भिंगरी हळूहळू वर जाऊ लागली. एरवी तिच्या चेहऱ्याजवळ त्याचा चेहरा असायचा, तिचा श्वास कानात यायचा; आता मध्ये दांडा होता.

वर जाताना ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. त्याच्या पोटाकडं बघत होती, आणि दांड्याच्या प्रत्येक हिसक्याला तिचा चेहरा आक्रसत होता.

"दुखत नाही गं," सलूनवाला म्हणाला. दांडा आणखी हळू हलवू लागला.