मोठं भिंग

रामहरी रोज सकाळी चहाच्या आधी कॅमेऱ्याचं भिंग काढून घ्यायचा आणि झोपलेल्या मुलीच्या नाकाशी धरायचा. गार काचेवर वाफ धरली की तो ती जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचा आणि मगच चूळ भरायला जायचा. बायकोनं, म्हाळसानं, पाहिलंच तर म्हणायचा, काच पुसतोय. काच पुसायला मुलीच्या उशाशी कशाला जावं लागतं, हे म्हाळसानं कधी विचारलं नाही.

इंदापूरच्या बाजारपेठेत घराच्या ओसरीवरच त्याचं फोटोचं दुकान होतं. बाप भाजीपाला पिकवायचा. मुलानं मात्र बारामतीला मोहनरावांच्या हाताखाली फोटोचं काम शिकून घेतलं. १९५० च्या सुमाराला त्या भागात फोटो काढून घेणारी माणसं थोडी होती. लग्नात नवरा-नवरीचा एखादा निघायचा. लहान मुलांचा तर कोणी काढूच द्यायचं नाही. दृष्ट लागते, आयुष्य कमी होतं, असं मानायचे. पण मूल गेलं की त्याच घरातून सांगावा यायचा. आईच्या मांडीवर त्याला शेवटचं घ्यायचे, टोपडं घालायचे, काजळ लावायचे, आणि रामहरी भिंगाचं टोपण काढून मनात आकडे मोजायचा. त्याच्या कॅमेऱ्याला पुष्कळ उजेड लागे आणि पुष्कळ वेळ लागे. जिवंत माणसं तेवढ्या वेळात हलायची आणि पुसट यायची. गेलेली लख्ख यायची.

डाळज, पळसदेव, वरकुटे, सगळीकडे त्याची सायकल ओळखीची झाली होती. मागं बांधलेली पेटी दिसली की बायका पोरांना आत ओढून घ्यायच्या. समोरचा चहावाला गेणबा म्हणायचा, "रामहरी, आमच्या दारावरनं जाताना घंटी नगं वाजवूस. म्हातारा दचकून उठतो, म्हनतो माझाच नंबर आला." रामहरी हसायचा. मात्र घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी तो मुलगी कुठं आहे ते पाहायचा.

मुलीचं नाव केरा. तिच्या आधीची दोन गेली होती, म्हणून तिला जन्मल्याबरोबर केराच्या ढिगावर ठेवून उचललं होतं. टाकलेलं पोर मृत्यूला नको वाटतं म्हणतात. त्या दोघांचे फोटो रामहरीनंच काढले होते. ते ट्रंकेत तळाशी होते आणि पापणीन् पापणी मोजता येईल इतके स्वच्छ होते. म्हाळसा ती ट्रंक उघडत नसे. लुगडी वर दोरीवर ठेवायची.

केरा पाच वर्षांची झाली त्या वर्षी मोहनरावांनी दुकान आवरायला काढलं. त्यांनी रामहरीला बोलावून दोन भिंगं पुढं ठेवली. एक जोडभिंग. त्याचा पुढचा भाग फिरवून काढला की लांबचं जवळ येई आणि परत बसवला की अख्खी पंगत मावे. एका जागी उभं राहून देवळाचा कळसही घ्यावा आणि पायरीवरची माणसंही. पण ते आळशी होतं, ऊन मागायचं. दुसरं वाटीएवढं मोठं, वजनदार. ते एकाच अंतराचं दाखवी. जवळ हवं तर आपण जवळ जायचं, घोळका हवा तर मागं भिंत लागेपर्यंत सरकायचं. पण अंधाऱ्या घरातही रबरी फुगा दाबून झडप उघडली-मिटली की काम झालं.

"तुला एक, जावयाला एक," मोहनराव म्हणाले. "पुढल्या बाजारी नको असलेलं आणून दे. आधी तू निवड. जावयाला आधी विचारलं तर दोन्ही न्हेईल."

रामहरीनं दोन्ही घरी आणली. दोन दिवस त्यानं जोडभिंग लावून पाहिलं. गेणबाचं दुकान, त्याच्या पलीकडचा पिंपळ, पिंपळावरचा बगळा, सगळं जागच्या जागी हातात येत होतं. तिकडं नव्या साखर कारखान्याची जमवाजमव चालली होती, सभासदांचे ग्रुप फोटो निघणार होते. लग्नं होती. हिशेब सरळ होता. त्यानं मोठं भिंग फडक्यात गुंडाळून परत द्यायच्या पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी केराला ताप भरला आणि अंगावर गोवर उठला.

गोवर म्हणजे देवी घरात आलेली. म्हाळसाच्या आईनं, कुशाबाईनं, माजघराच्या उंबऱ्याला कडुलिंबाचा डहाळा बांधला. घरात फोडणी बंद झाली. दिवा मोठा करायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. वर धाब्याच्या छतातल्या साण्याच्या झरोक्यातून तेवढा उजेडाचा एक तुकडा खाली पडायचा आणि त्यात केरा लिंबाच्या पाल्यावर निजलेली असायची. पहिले दोन दिवस ती तळमळली. तिसऱ्या दिवशी निपचित झाली.

त्या सकाळी काचेवर वाफ धरायला वेळ लागला. रामहरी ओसरीवर येऊन बसला. कॅमेरा तिवईवर उभा होता, जोडभिंग लावलेलं. त्याच्याकडे बघताना त्याच्या मनात आलं, की आता हे चालेल. ती हलणार नाही. अंगणात उन्हात घेतलं तर अगदी लख्ख येईल.

आपण काय ठरवत होतो हे कळलं तसा तो ताडकन उठला. त्यानं ते भिंग घाईनं फिरवून काढलं. बोटं घामेजली होती, सुटता सुटेना. पिशवीतलं मोठं भिंग काढून त्यानं त्या जागी बसवलं.

म्हाळसा माजघराच्या उंबऱ्यात बसली होती. तिनं तिवई पाहिली आणि आडवा हात धरला.

"ती पेटी आत आली की मी काय समजायचं?"

"आजवर हलत न्हवते त्यांचेच काढले," रामहरी म्हणाला. "आपल्या गेलेल्या दोघांचेबी तसलेच हायेत. हिचा हलती हाय तवर घिऊ दे."

"आन् त्यानंच काय झालं तर?"

भीती त्यालाही तीच होती. तो तिवई धरून तसाच उभा राहिला. मग म्हाळसानं हात खाली घेतला, पण जागेवरून उठली नाही. तो तिला ओलांडून आत गेला.

शेजारची फुलाबाई त्याच वेळी परसातून ताक घेऊन आली होती. तिनं रामहरीला कॅमेऱ्याचं काळं कापड खांद्यावर टाकून माजघरात शिरताना पाहिलं. आख्ख्या पेठेला त्या कापडाचा एकच अर्थ माहीत होता. तिच्या हातातलं भांडं खाली पडलं आणि तिनं हंबरडा फोडला.

तो ऐकून पलीकडचं घर रडू लागलं, मग त्याच्या पलीकडचं. गेणबानं चूल विझवून फळी लावली आणि तिरडीला बांबू पाहायला माणूस धाडला. ओसरीवर धान्य निवडत असलेल्या कुशाबाईनं कपाळ बडवून घेतलं. उंबऱ्यात बसलेल्या म्हाळसाच्या मागं, चार हातांवर तिची मुलगी होती. तिनं फक्त मान वळवून पाहायचं होतं. तिला मान वळवता येईना.

रामहरी काळ्या कापडाखाली होता. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. तिथं केरा छताला चिकटल्यासारखी, डोकं खाली, लिंबाचा पाला वर. छाती हलते का ते कळत नव्हतं. बाहेर त्याच्याच घराचं रडणं चाललं होतं आणि त्याला वाटलं, सगळ्यांना कळलंय, मलाच अजून नाही. कापड बाजूला सारायचा त्याला धीर होईना.

मग उलट्या काचेवर एक हात हलला.

तो बाहेर आला. फोटोची प्लेट कॅमेऱ्यात कशी सरकवली ते त्याला पुढं कधी आठवलं नाही. रडण्याच्या आवाजानं केरा जागी झाली होती. घाबरून ती हातावर जोर देऊन अर्धी उठली, मुठीत लिंबाचा पाला, तोंड उघडं. आईला शोधत ती उजेडाच्या त्या तुकड्यात वळली. रामहरीनं फुगा दाबला.

"आये," केरा म्हणाली, आणि मग म्हाळसाला मान वळवता आली.

बाहेरचं रडणं थांबायला बराच वेळ लागला. फुलाबाई पुढं महिनाभर तोंड लपवून होती. बांबू आणायला गेलेला माणूस बांबू घेऊनच परतला. गेणबानं त्यांचा दुकानापुढं मांडव घातला आणि म्हणाला, आनलेली वस्तू माघारी देऊ नये.

फोटोत केराचा एक कान पुसट आला, बोटं धुरासारखी आली. डोळे मात्र स्वच्छ आले. इतकी घाबरलेली मुलगी त्या भागात कोणी फोटोत पाहिली नव्हती. म्हाळसानं तो भिंतीवर लावू दिला नाही. पण ट्रंकेतही ठेवू दिला नाही. तो पिठाच्या डब्यामागं असायचा आणि भाकरी थापताना ती कधीमधी तिकडं बघायची.

पुढच्या बाजारी रामहरीनं बारामतीला जोडभिंग परत केलं. मोहनराव म्हणाले, येडा हायेस, लग्नाच्या पंगती ह्यात मावणार न्हाईत. मावल्या नाहीतच. कारखान्याच्या सभासदांचे फोटो मोहनरावांच्या जावयानं घेतले. रामहरी माणसांच्या जवळ जाऊन, अंधाऱ्या घरांतून, एकेकट्याचे फोटो काढत राहिला. डाळजला एका म्हातारीनं नातू रांगताना काढून घेतला, वरकुट्यात कोणी एक. फार नाहीत. सायकल दिसली की पोरांना आत ओढणं चालूच राहिलं.

केरा चांगली वाढली. रामहरीची भीती मात्र गेली नाही. मोठं भिंग जड होतं, सकाळी ते त्याला दोन्ही हातांनी धरावं लागायचं. केरा दहा वर्षांची झाली तरी तो ते धरायचा. पुढं पुढं ती जागी असायची आणि डोळे मिटून काचेवर मुद्दाम जोरात श्वास सोडायची.

१९५९ च्या उन्हाळ्यात एका सकाळी तो उठला नाही. आदल्या संध्याकाळी त्यानं नेहमीप्रमाणे भिंगाचं फडकं धुतलं, पिळलं आणि केराच्या हातात दिलं.

"दोरीवर टाक," तो म्हणाला. "सकाळी लागंल."