भेंडीची निळी फुलं

बाजारात खपणार नाही अशी जून भेंडी माय आम्हा भावंडांसाठी ठेवायची. आडवी कापली की तिचा ठसा फुलासारखा उमटतो. बाटलीतली कपड्यांची नीळ वाटीत ओतून ती म्हणायची, "घ्या, भीत तुमचीच हाये." स्वयंपाकघराची अख्खी भिंत आम्ही निळ्या फुलांनी भरून टाकली होती. मायनं ती कधीच पुसू दिली नाही.

यंदा माय गेली. तेरवीआधी घराला चुना मारायची आमच्याकडे रीत. तेरवीसाठी मी सासरहून परत आले, तेव्हा भिंत कोरी होती. भावावर ओरडलेच, "काऊन पुसली रे फुलं?"

त्यानं चुन्याची बादली माझ्यापुढे सरकवली. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यानं त्यात नीळ टाकली होती. मायच्याच बाटलीतली.